ताऱ्याच्या पोटातला दोनचा आकडा

आठवडाभर माझा तारा फुगलेलाच येत होता. रोज रात्री सगळी कामं आवरली की लॅपटॉप उघडायचा, श्वेत बटू ताऱ्याचं मॉडेल करणारा माझा कोड रन करायचा आणि शेवटच्या ओळीत तोच आकडा बघायचा, त्रिज्या २६,८०० किलोमीटर. वस्तुमान दिलेलं होतं सूर्याएवढं. आणि हे साफ चूक आहे हे मला माहीत होतं, कारण याचं उत्तर आकाशात आधीच आहे. व्याधाचा जो जोडीदार आहे, सिरियस बी, त्याचं वस्तुमान जवळजवळ बरोब्बर एका सूर्याएवढं आहे आणि आकार पृथ्वीपेक्षाही किंचित लहान. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे माझा तारा पृथ्वीच्या चौपट मोठा निघत होता, आणि तो पृथ्वीत मावायला हवा होता.

श्वेत बटू म्हणजे व्हाइट ड्वार्फ. सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपतं, बाहेरचे थर अवकाशात निघून जातात आणि मागे जो उघडा गाभा राहतो तो. आपला सूर्यही शेवटी तोच होणार. या जातीची पहिली चाहूल १८४४ मध्ये लागली, व्याध आकाशात सरळ न सरकता किंचित लचकत सरकतोय हे बेसेलला दिसलं आणि शेजारी कोणीतरी न दिसणारं आहे असं त्याने सांगितलं. १८६२ मध्ये अल्वन ग्रॅहॅम क्लार्कने नवीन भिंगाची चाचणी घेताना तो अंधुक ठिपका प्रत्यक्ष पाहिला. मग १९१५ मध्ये वॉल्टर अ‍ॅडम्सने त्याचा वर्णपट घेतला आणि खरी पंचाईत तिथे झाली, कारण तारा गरम आणि पांढरा निघाला. गरम असून इतका अंधुक, म्हणजे तो अगदी छोटा असणार. आणि छोटा असून सूर्याएवढा जड, म्हणजे त्यातला घन सेंटिमीटरभर माल दोन टनांहून जास्त भरणार. त्या काळात कोणाला हे पचणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही ते नुसतं वाचून पचत नाही, म्हणून तर कोड लिहायला बसले.

कोड तसा छोटा आहे. ताऱ्याच्या मध्यबिंदूपाशी उभं राहायचं आणि अंदाजाने एक घनता ठरवायची, समजा घन सेंटिमीटरला तीन टन. त्या घनतेला दाब किती ते काढायचं. मग एक पाऊल बाहेर टाकायचं, काही किलोमीटरचं. एवढ्या पातळ थरात किती वस्तुमान आलं ते आधीच्या बेरजेत मिळवायचं, त्या बेरजेचं गुरुत्वाकर्षण या थराला आत किती ओढतंय ते बघायचं, आणि तेवढ्याने दाब कमी करायचा. कमी झालेल्या दाबावरून नवी घनता. पुन्हा एक पाऊल. असं करत करत दाब शून्यावर आला की तारा संपला, तिथे जी त्रिज्या आणि जी बेरीज असेल ती त्या ताऱ्याची. सुरुवातीचा अंदाज बदलला की वेगळा तारा मिळतो. मी प्रत्येक पावलाला एक ओळ स्क्रीनवर छापायला लावली होती, हवं तर वेळ वाया म्हणा, पण त्या ओळी सरकताना बघायला मला फार आवडायचं. सुरुवातीला दाबाचा आकडा हलतच नाही, मधल्या भागात झपाझप उतरतो, आणि शेवटी शेवटी वस्तुमानाचा आकडा जवळपास गोठतो, बाहेरच्या थरांत जागा भरपूर पण माल नाहीच, आणि मग एकदम शेवटची ओळ.

यात ज्या गोष्टीने मी पहिल्यांदा थबकले ती म्हणजे या सगळ्यात तापमान कुठेच नाही. सूर्याचं मॉडेल करायचं तर तापमानाशिवाय पान हलत नाही, तिथला दाब गरम वायूचा दाब, उष्णता गेली की तारा कोसळला. श्वेत बटूत दाब इलेक्ट्रॉनांचा, आणि तो उष्णतेतून येत नाही, दाटीतून येतो. पाउलीच्या अपवर्जन तत्त्वाप्रमाणे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, जागा जितकी आवळाल तितकं त्यांना वरच्या वरच्या संवेगांवर चढावं लागतं, आणि ती धावाधाव म्हणजेच दाब. याला डीजनरेट अवस्था म्हणतात. तारा पार थंड झाला तरी हा दाब हटत नाही. हे सूत्र श्वेत बटूला पहिल्यांदा लावलं राल्फ फाउलरने, १९२६ मध्ये, तेव्हा फर्मी आणि डिरॅक यांचं त्यामागचं गणित नुकतंच आलेलं होतं. काही महिन्यांत ते एका ताऱ्यावर लागू झालं.

या दाबाचा परिणाम उलटा होतो. वस्तुमान वाढवलं की तारा लहान होतो. पुस्तकात वाचलं होतं, ग्राफ पाहिला होता, पण स्वतःच्या कोडमधून ०.६ सूर्याच्या ताऱ्यापेक्षा एका सूर्याचा तारा लहान निघतो तेव्हा ते वेगळंच असतं. आणि अजून आत शिरलं तर त्याचं कारणही दिसतं, माझ्या कोडमध्ये घनतेऐवजी एक्स नावाची राशी फिरत होती, इलेक्ट्रॉनचा संवेग प्रकाशवेगाच्या हिशेबात मोजणारी. घनता घन सेंटिमीटरला सुमारे दोन टन झाली की एक्स एक होतो, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ७० टक्के वेगाने पळतायत. त्याच्याही आत गेलं की पुढे वेग वाढवायला जागाच उरत नाही, संवेग वाढतो पण वेग प्रकाशापाशी अडतो, आणि दाब घनतेच्या मागे पडायला लागतो. हे मागे पडणंच शेवटी ताऱ्याची मर्यादा ठरवतं. एका ठराविक वस्तुमानाच्या वर दाब पुरा पडतच नाही. चंद्रशेखर मर्यादा, सूर्याच्या साधारण १.४४ पट.

माझ्या कोडमध्ये ती मर्यादा येत होती ५.८.

मी युनिट तपासले. ग्रॅम आणि किलोग्रॅम, सेंटिमीटर आणि मीटर, सगळे स्थिरांक कागदावर परत उतरवून काढले. पावलाची लांबी दहापट कमी करून पाहिली, उत्तर तिसऱ्या दशांशातसुद्धा हललं नाही, म्हणजे गणित पक्कं होतं आणि चुकीच्या गोष्टीचं होतं. शेवटी एका मैत्रिणीला फाइल पाठवली, ती याच विषयातली आहे. तिने दहा मिनिटांत फोन केला. म्हणाली, "अगं, तू म्यू किती घेतलायस?"

"एक."

"एक कसा? हायड्रोजनचा तारा आहे का तुझा?"

म्यू म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे अणुकेंद्रकात किती कण येतात तो आकडा, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून. हायड्रोजनला एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन, म्हणून एक. मी आधी सूर्यासारख्या ताऱ्यांवर हात चालवला होता, तिथून तो एक तसाच डोक्यात राहिलेला. पण श्वेत बटूत हायड्रोजन जवळपास संपलेला असतो, आत असतात कार्बन आणि ऑक्सिजन. कार्बनच्या केंद्रकात बारा कण आणि इलेक्ट्रॉन सहा, ऑक्सिजनमध्ये सोळा आणि आठ. म्हणजे दोन. दाब देणार इलेक्ट्रॉन, भार टाकणार केंद्रकं, आणि मी प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या पाठीवर निम्माच भार ठेवला होता. तारा फुगणार नाही तर काय. एकाच्या जागी दोन टाइप केलं आणि रन केलं, एका सूर्याला साडेपाच हजार किलोमीटर, ०.६ सूर्याला सुमारे ८,७५०. मर्यादा या आकड्याच्या वर्गाने भागली जाते, म्हणून ५.८ ची चौथाई, जवळजवळ १.४६, तापमान वगैरे बारकावे सोडून दिले की कागदावर एवढीच येते.

नंतर मला कळलं की हा आकडा खुद्द चंद्रशेखर यांच्याही कामात असाच आडवा आलेला आहे, फक्त उलट्या बाजूने. १९३० च्या जुलैअखेर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेला एकोणीस वर्षांचा मुलगा प्रवासात फाउलरच्या सूत्रात सापेक्षता घालून बघतो ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, त्यातून निघालेली मर्यादा १९३५ मध्ये एडिंग्टन या बड्या खगोलशास्त्रज्ञाने भर सभेत खोडून काढली हेही, त्यावर मी इथे थांबत नाही. (एवढं मात्र म्हणायलाच हवं की सापेक्षता घालण्याचा प्रयत्न अँडरसन आणि स्टोनर यांनीही त्याच सुमारास केला होता, त्यांची नावं सहसा कोणी घेत नाही.) मला रस आहे तो १९३१ मध्ये छापलेल्या आकड्यात. तो १.४४ नव्हता, ०.९१ होता. कारण म्यू २.५ धरलेला होता, तेव्हा या ताऱ्यांच्या पोटात नेमकं काय आहे याची कल्पनाच वेगळी होती. भौतिकशास्त्र तेच, समीकरण तेच, आणि पोटात काय आहे याच्या एका अंदाजाने ताऱ्याचं मरण ०.९१ वर की १.४४ वर हे ठरलं. माझी चूक तशी फालतूच, घाईतली. पण त्या दोनकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने बघायला लागले.

बघता बघता एक गोष्ट खुपायला लागली. कार्बनला दोन. ऑक्सिजनला दोन. हेलियमला चार भागिले दोन, तेही दोन. म्हणजे मी मोठ्या तोऱ्यात कार्बन-ऑक्सिजनचा तारा म्हणत होते पण माझ्या कोडला कार्बनही माहीत नव्हता आणि ऑक्सिजनही. त्याला एक दोन माहीत होता. निव्वळ कार्बनचा तारा करा नाहीतर निव्वळ ऑक्सिजनचा, त्रिज्या तीच. इलेक्ट्रॉनचा दाब इतका जबरदस्त आहे की बाकी सगळ्यांची ओळख त्याच्याखाली पुसली जाते. केंद्रकांच्या विद्युतभाराने होणारी छोटी दुरुस्ती १९६१ मध्ये हमाडा आणि साल्पीटर यांनी घातली, तिने थोडा फरक पडतो, पण दुर्बिणीतून त्रिज्या मोजून कार्बन की ऑक्सिजन ते सांगता येईल इतका नाही. आणि मला तर तेच जाणून घ्यायचं होतं, आत काय आहे.

लोखंड असतं तर कळलं असतं. लोखंडाला ५६ कण आणि २६ इलेक्ट्रॉन, म्हणजे २.१५, आणि एवढ्याशा फरकाने ०.६ सूर्याचा तारा ८,७५० वरून ७,३५० किलोमीटरवर येतो. हे मी गंमत म्हणून करून बघितलं आणि मग प्रश्वा (प्रोसियन) या ताऱ्याच्या जोडीदाराची हकीकत वाचनात आली. प्रश्वालाही व्याधासारखाच एक श्वेत बटू जोडीदार आहे, वस्तुमान ०.६ च्या आसपास. १९९८ मध्ये त्याची जी त्रिज्या निघाली ती कार्बनच्या मानाने बरीच लहान होती, लोखंडाच्या गाभ्याशी जुळणारी. आता लोखंडाचा गाभा एवढ्या छोट्या ताऱ्यात येणार कुठून, तारे कसे जगतात याची सगळी समजूत उलटीपालटी करावी लागली असती. चार वर्षांनी हबल दुर्बिणीने त्याचा चांगला वर्णपट घेतला, तापमान सुधारलं, त्याबरोबर त्रिज्या सुधारली आणि ती ८,६०० किलोमीटरच्या जवळ आली. लोखंड गेलं. मला यात मॉडेल जिंकलं याचा आनंद नाही एवढा, मला त्या चार वर्षांबद्दल वाटतं, जेव्हा दोन आणि २.१५ यांच्यामध्ये एक अख्खा तारा लटकलेला होता आणि कोणाला घाई करून निकाल द्यायचा नव्हता.

मग कार्बन आणि ऑक्सिजन वेगळे कुठे दिसतात? पहिली जागा सापडली ती उष्णतेत. ताऱ्याचा आकार इलेक्ट्रॉन ठरवतात पण ताऱ्यातली साठवलेली ऊब केंद्रकांकडे असते. १९५२ मध्ये लिऑन मेस्टेलने याचं सुंदर साधं मॉडेल दिलं. आतला सगळा गाभा जवळपास एकाच तापमानाचा, कोटीभर केल्विन, कारण डीजनरेट इलेक्ट्रॉन उष्णता इतकी सहज वाहून नेतात की आत चढउतार राहतच नाही. आणि बाहेर पातळसा साध्या वायूचा थर, दुलईसारखा, ज्यातून ती उष्णता झिरपत झिरपत बाहेर जाते. कोटीभरापासून काही हजारांपर्यंतचा सगळा उतार त्या दुलईत. तारा आता काही जाळत नाही, नुसता निवत जातो. आणि इथे बारा आणि सोळा वेगळे होतात, कारण एक ग्रॅम कार्बनमध्ये एक ग्रॅम ऑक्सिजनपेक्षा केंद्रकं एक तृतीयांशाने जास्त असतात, म्हणजे ऊब तेवढी जास्त साठते, म्हणजे तारा सावकाश निवतो. ऑक्सिजनचा तारा लवकर थंड. आकाराने एकदम जुळी भावंडं, पण अब्जावधी वर्षांनी एक अजून कोमट आणि दुसरं गार.

हा फरक नुसता कागदी नाही. १९८७ मध्ये विंगेट आणि सहकाऱ्यांनी सर्वात अंधुक श्वेत बटू किती काळ निवत असतील याचा हिशेब लावून आकाशगंगेच्या तबकडीचं वय काढलं, सुमारे ९ अब्ज वर्षं. ते वय आत कार्बन किती धरलाय यावर हलतं. आणि आत कार्बन किती उरतो हे ठरतं हेलियम जळताना, कार्बनच्या केंद्रकाला अजून एक हेलियम चिकटून ऑक्सिजन होण्याचा वेग किती यावर, आणि तो वेग ताऱ्यातल्या तापमानाला प्रयोगशाळेत थेट मोजता येत नाही, इतका तो कमी आहे, जास्त ऊर्जेला मोजून खाली अंदाज ओढत न्यावा लागतो. म्हणजे जमिनीवर न मोजता येणारा आकडा त्या ताऱ्याच्या पोटात लिहून ठेवलेला आहे, फक्त पोट उघडता येत नाही.

दुलईबद्दल थोडं. श्वेत बटूच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे लाखपट. एवढ्या ओढीत जड मूलद्रव्यं खाली बसतात आणि हलकी वर तरंगतात, हे शाट्झमनने १९४० च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणून बहुतेक श्वेत बटू वरून निव्वळ हायड्रोजनचे दिसतात, आणि तो हायड्रोजन सगळ्या वस्तुमानाचा फार तर दहा हजारावा भाग, त्याखाली हेलियम फार तर शंभरावा. बाकी ९९ टक्के तारा त्या पडद्याआड. आपण वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघतो आणि आपल्याला पडदा दिसतो.

पडद्यामागचं ऐकायची सोय मात्र निघाली. १९६८ मध्ये आर्लो लँडोल्टने वृषभेतल्या एका श्वेत बटूचा प्रकाश साधारण साडेबारा मिनिटांनी कमीजास्त होताना पकडला. अशी कंपन करणारी जात निघाली, आणि कंपनं ताऱ्याच्या आतून येतात म्हणून त्यांचा काळ आतल्या थरांवर अवलंबून असतो. सगळं पोट एकजिनसी असतं तर कंपनांचे काळ समान अंतराने आले असते. जिथे हायड्रोजन संपून हेलियम लागतो, हेलियम संपून कार्बन, तिथे ते अंतर थोडं बिघडतं, आणि त्या बिघाडाच्या जागेवरून थर किती जाड ते काढता येतं. हे नीट ऐकायचं तर दिवस उजाडून चालत नाही, म्हणून वेगवेगळ्या रेखांशांवरच्या वेधशाळा एका माळेत बांधून एकाकडून दुसऱ्याकडे तारा सोपवत राहायचं अशी योजना झाली, होल अर्थ टेलिस्कोप. १९८९ मध्ये पीजी ११५९-०३५ या ताऱ्यावर ती चालवली आणि शंभराहून जास्त वेगवेगळी कंपनं हाती लागली. विंगेटने तर १९८२ मध्ये आधी मॉडेलवरून सांगितलं की हेलियमच्या पृष्ठभागाचे श्वेत बटूही एका ठराविक तापमानाला थरथरले पाहिजेत, आणि मग शोधून तसा एक दाखवला. मला हा सगळ्या विषयातला सर्वात आवडता प्रसंग आहे.

आणि एक तारा आहे, जी ११७-बी १५ ए, त्याच्या मुख्य कंपनाचा काळ २१५ सेकंद, आणि १९७० च्या दशकापासून माणसं त्याची टिकटिक मोजतायत. निवता निवता तो काळ इतका हळू वाढतो की एका सेकंदाचा फरक पडायला साठेक लाख वर्षं लागतील, पण तो वाढण्याचा वेग मोजून झालाय. आणि निवण्याचा वेग म्हणजे पुन्हा केंद्रकांची मोजणी. बारा की सोळा. ज्याची ओळख दोनने पुसली होती ती एका सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागातून परत वर येते.

हे सगळं गोड गोड चाललंय असं मात्र नाही. २०१८ मध्ये एका गटाने केप्लर दुर्बिणीने पाहिलेल्या केआयसी ८६२६०२१ या ताऱ्याच्या कंपनांवरून त्याचं पोट थराथराने मांडलं, केंद्रात ऑक्सिजन ८६ टक्के, आणि ऑक्सिजनचा भाग नेहमीच्या मॉडेलपेक्षा बराच मोठा. मोठी बातमी झाली. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की असल्या गरम ताऱ्यात उष्णतेचा मोठा वाटा न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही सहसा न अडखळणारे सूक्ष्म कण, थेट बाहेर घेऊन जातात आणि ते मॉडेलमध्ये धरलं नाही तर कंपनांचे आकडे मोजमापाच्या अचूकतेपेक्षा जास्त सरकतात. हे वाचताना मला माझा म्यू आठवला. आकडा कितीही दशांशांपर्यंत स्थिर येऊ दे, काय धरलंय आणि काय सोडलंय ते त्या दशांशांत दिसत नाही.

तारा अजून निवला की केंद्रकं गोठतात. द्रवासारखी फिरणारी केंद्रकं एकमेकांच्या विद्युतभाराने जागच्या जागी बसून स्फटिक होतात. माझ्या साध्या हिशेबात ०.६ सूर्याच्या ताऱ्याच्या मध्यभागी निव्वळ कार्बन ३० लाख केल्विनला गोठतो आणि निव्वळ ऑक्सिजन ५० लाखाला, कारण आठचा भार सहापेक्षा जास्त, पकड घट्ट. गोठताना सुप्त उष्णता बाहेर पडते, तेवढा काळ तारा निवायचा थांबल्यासारखा होतो, आणि असे थबकलेले तारे रंग आणि तेज यांच्या आलेखावर एका पट्टीत गर्दी करतील असं व्हॅन हॉर्नने १९६८ मध्ये लिहिलं. पन्नास वर्षं थांबावं लागलं. गाया दुर्बिणीने शेजारच्या हजारो श्वेत बटूंची अंतरं मोजली आणि २०१९ मध्ये ती गर्दी आलेखावर सापडली, तिरकी, सांगितली होती तशी. मी तो ग्राफ मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले होते, एकेक ठिपका म्हणजे आतून दगड होत चाललेला एकेक तारा.

पण पट्टीत अपेक्षा होती त्यापेक्षा गर्दी जास्त निघाली. काही जड श्वेत बटू तिथे काही अब्ज वर्षं जास्त रेंगाळतात, सुप्त उष्णतेने एवढं भागत नाही. आणि याचं उत्तर फिरून पुन्हा दोनपाशीच येतं. ताऱ्याच्या पोटात टक्का-दोन टक्के निऑन-२२ असतो. त्याच्या केंद्रकात २२ कण आणि इलेक्ट्रॉन दहा. दोन नाही, २.२. दोन न्यूट्रॉन जास्तीचे. कार्बन आणि ऑक्सिजनवर खालची ओढ आणि वरचा विद्युत आधार यांची तोडीस तोड जुळते, निऑनवर जुळत नाही, ते दोन न्यूट्रॉन त्याला खाली ओढत राहतात. तो बुडतो आणि बुडताना ऊर्जा सोडतो. स्वरमंडळातल्या एनजीसी ६७९१ या तारकागुच्छात श्वेत बटूंवरून वय यायचं ६ अब्ज आणि बाकीच्या ताऱ्यांवरून ८ अब्ज, हा दोन अब्जांचा वाद २०१० मध्ये मिटला तो निऑनचं हे बुडणं आणि गोठताना कार्बन-ऑक्सिजनचं वेगळं होणं मॉडेलमध्ये घातल्यावर. आणि त्या रेंगाळणाऱ्या जड ताऱ्यांचं कोडं २०२४ मध्ये असं मांडलं गेलं की तिथे तयार होणाऱ्या स्फटिकांत निऑन कमी असतो, म्हणून ते आजूबाजूच्या द्रवापेक्षा हलके, वर तरंगतात, वर जाऊन वितळतात, आणि निऑनने जड झालेला द्रव त्यांच्या जागी खाली उतरतो. अब्जावधी वर्षं चालणारी घुसळण, पांढऱ्या स्तब्ध ठिपक्याच्या आत.

परवा रात्री मी कोडमधला तो दोन खोडला. एक ठोकळ आकडा ठेवण्याऐवजी प्रत्येक थराला त्याचं स्वतःचं मिश्रण दिलं, इतका कार्बन, इतका ऑक्सिजन, दोन टक्के निऑन, आणि म्यू त्यातून निघू दिला. आला २.००३६. आधी वाटलं यात काय मोठं. ०.६ सूर्याचा तारा पुन्हा चालवला, ओळी सरकत गेल्या, दाब उतरला, वस्तुमान गोठलं आणि त्रिज्या आली आधीपेक्षा पस्तीसेक किलोमीटरने कमी. ८,७५० मधून पस्तीस. एवढा फरक कुठल्याही दुर्बिणीला आज दिसणार नाही, त्रिज्येच्या मोजमापातली चूकच याच्यापेक्षा मोठी असते. आता निऑन सगळीकडे सारखा न ठेवता हळूहळू खाली उतरवायचाय, त्यासाठी कोडमध्ये पहिल्यांदाच तापमान आणावं लागेल आणि वेळही, तेव्हा स्थिर चित्र जाऊन तारा निवायला लागेल. मैत्रिणीला तसं कळवलंय. तिचा उलट मेसेज आला, न्यूट्रिनो विसरू नकोस.